रमल, किमया आणि कौलाचे पत्ते : एका भविष्यकथन पद्धतीचा प्रवास व तिच्या गणिताचा उलगडा

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महानगरांतील पुस्तकांच्या दुकानांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून ‘ओरॅकल कार्ड’ या नावाचे पत्त्यांचे संच मोठ्या प्रमाणावर विकले जाऊ लागले आहेत. ओरॅकल म्हणजे देववाणी, आपल्याकडील शब्दात कौल. मनात प्रश्न धरावा, संच पिसावा, एक किंवा अनेक पत्ते काढावेत आणि त्यांवरील चित्र व मजकूर यांवरून उत्तर समजून घ्यावे, अशी ही पद्धत आहे. यांपैकी काही संच युरोपातील प्रबोधनकालीन किमया, फलज्योतिष आणि जिओमन्सी या तीन विद्यांवर आधारलेले असल्याचे सांगण्यात येते. या सांगण्यामुळे पत्त्यांना प्राचीनतेचे व परदेशी गूढतेचे वलय प्राप्त होते आणि त्यांच्या किमतीत व सांगणाऱ्याच्या मोबदल्यात त्या वलयाचा मोठा वाटा असतो.

वस्तुतः जिओमन्सी ही विद्या मराठी माणसाला नवी नाही. तिचे आपल्याकडील नाव रमल. प्रस्तुत लेखात रमल विद्येचा ऐतिहासिक प्रवास, तिची मांडणी व तीमागील गणित यांचा परिचय करून देण्याचा आणि त्या पार्श्वभूमीवर आजच्या कौलाच्या पत्त्यांचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, रमलापासून पत्त्यांपर्यंतच्या प्रवासात खुणा व त्यांचे अर्थ टिकून राहिले, मात्र ज्या गणितामुळे मांडणी तपासून पाहता येत होती ते गणित गळून पडले. उत्तर कसे तयार झाले हे तपासण्याची प्रश्नकर्त्याची क्षमता त्यामुळे घटली आणि हाच या विषयातील चिंतेचा मुद्दा आहे.

संज्ञा आणि मराठी भाषेतील खुणा

‘रमल’ या अरबी शब्दाचा अर्थ वाळू असा आहे. वाळूवर बोटाने किंवा काडीने ठिपके उमटवून त्यांवरून प्रश्नाचे उत्तर शोधण्याची विद्या म्हणून तिला ‘इल्म-अल्-रमल’ म्हणजे वाळूची विद्या असे नाव पडले. लॅटिन भाषेत तिचे ‘जिओमन्शिया’, म्हणजे भूमीवरून केलेले भविष्यकथन, असे नामांतर झाले. मराठीत ‘रमल’ हा शब्द फारसीच्या वाटेने आला आणि फासे टाकून भविष्य सांगण्याची विद्या या अर्थाने रूढ झाला. ही विद्या जाणणाऱ्यास रमली किंवा रम्माल म्हणत. जी. ए. कुलकर्णी यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रमलखुणा’ या पुस्तकाच्या शीर्षकामुळे हा शब्द आधुनिक वाचकाच्याही ओळखीचा झाला आहे.

‘किमया’ या शब्दाचाही प्रवास असाच आहे. हीन धातूपासून सोने करण्याच्या विद्येचे हे अरबी नाव युरोपात ‘अल्केमी’ झाले आणि मराठीत ‘किमया’ म्हणून स्थिरावले. आज आपण ‘हाताची किमया’ असे सहज म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागील भट्टी व पारा आपल्याला आठवत नाही. पत्त्यांसाठी असलेला ‘गंजिफा’ हा शब्दही फारसीतूनच आला. म्हणजेच, जी त्रयी आज परदेशी नवलाई म्हणून समोर येते, तिचा शब्दसंग्रह आपल्या भाषेत कित्येक शतके वावरत आहे.

रमलाचा ऐतिहासिक प्रवास

रमल विद्येचा निश्चित आरंभ सांगता येत नसला तरी तिचे व्यवस्थित शास्त्र अरबी ग्रंथांतून घडले, याविषयी अभ्यासकांत सर्वसाधारण एकमत आहे. अरबी परंपरा तिचा उगम इद्रिस या प्रेषिताकडे नेते आणि तिच्या आद्य आचार्यांत ‘तुमतुम अल्-हिंदी’ अशा एका भारतीय नावाचा उल्लेख करते. ही आख्यायिका इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही, परंतु विद्येला दूरदेशीचा व पुरातन काळाचा आधार देण्याची प्रवृत्ती किती जुनी आहे, हे तिच्यावरून कळते. इ. स. १२४१-४२ मध्ये मुहम्मद इब्न खुतलुख अल्-मावसिली या कारागिराने बनवलेले धातूचे रमलयंत्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरील तबकड्या फिरवून रमलाच्या खुणा मिळवता येतात.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये सांताल्याचा ह्यूगो याने या विद्येवरील अरबी ज्ञान लॅटिनमध्ये आणले आणि तेथून ती युरोपभर पसरली. चौदाव्या शतकाच्या आरंभी दांतेने ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या ‘पर्गेटोरिओ’ या दुसऱ्या खंडातील १९व्या सर्गात पहाटेच्या आकाशाचे वर्णन करताना रमलज्ञांच्या एका शुभ खुणेचा उल्लेख केला आहे. कॉर्नेलियस अग्रिप्पा (१४८६-१५३५) याच्या गूढविद्येवरील तीन खंडांच्या ग्रंथाची संपूर्ण आवृत्ती १५३३ मध्ये निघाली. त्यात सोळा खुणांची सांगड ग्रह, राशी आणि महाभूते यांच्याशी घातलेली आढळते. प्रबोधनकालीन किमया, फलज्योतिष आणि जिओमन्सी यांना एकत्र बांधणारा धागा हाच होता. विश्वातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाची तरी खूण आहे, ही त्यामागील धारणा होती. सूर्याचे सोने, चंद्राचे रूपे, मंगळाचे लोखंड, बुधाचा पारा, गुरूचे कथील, शुक्राचे तांबे आणि शनीचे शिसे ही युरोपीय किमयागारांची यादी याच धारणेतून तयार झाली.

याच विद्येची दुसरी शाखा पूर्वेकडे आली. भारतात तिच्यावर ‘रमलरहस्य’, ‘रमलनवरत्न’ यांसारखे संस्कृत ग्रंथ रचले गेले. त्यांची भाषा संस्कृत असली तरी खुणांची नावे बव्हंशी अरबीच राहिली. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाच्या इफा पद्धतीतही सोळा मूळ खुणा असून त्यांच्या जोड्यांतून २५६ चिन्हे सिद्ध होतात. तिची रचना रमलाशी जवळचे साम्य दर्शवते.

दख्खन आणि मराठवाड्याची पार्श्वभूमी

युरोपात अग्रिप्पाच्या ग्रंथाचा बोलबाला होता, त्याच शतकात दख्खनमध्येही अशा विद्यांचे संकलन चालू होते. विजापूरच्या आदिलशाही दरबारात १५७० च्या सुमारास सिद्ध झालेला ‘नुजूम-उल्-उलूम’ हा सचित्र फारसी ग्रंथ ग्रह, राशी, तावीज, शस्त्रे, हत्ती, घोडे अशा विविध विषयांना एका सूत्रात गुंफतो. त्यात फारसी व भारतीय परंपरांचा मेळ घातलेला आहे. हे हस्तलिखित आज डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

मराठवाड्यात गोदाकाठचे पार्थपूर, म्हणजे परभणी जिल्ह्यातील आजचे पाथरी असे मानले जाते, हे ज्योतिर्विदांचे महत्त्वाचे केंद्र होते. ‘सिद्धांतसुंदर’कार ज्ञानराज व ‘जातकाभरण’कार ढुंढिराज ही नावे या गावाशी निगडित आहेत. ढुंढिराजाचा पुत्र गणेश याने ‘ताजिकभूषण’ हा ग्रंथ रचला. ताजिक ही अरबी-फारसी परंपरेतून संस्कृतात आलेली फलज्योतिषाची शाखा होय. १५८७ मध्ये नीलकंठाने रचलेली ‘ताजिकनीलकंठी’ हा तिचा सर्वाधिक प्रसिद्ध ग्रंथ. आज मराठी ज्योतिषी वर्षफल सांगताना ‘मुंथा’, ‘इत्थशाल’ हे शब्द वापरतात, ते याच देवघेवीतून आलेले आहेत.

किनवटच्या संदर्भात ही पार्श्वभूमी आणखी जवळची ठरते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवटचा भाग हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. फारसी-उर्दू कारभार, मराठी व तेलुगू लोकव्यवहार आणि गोंडी-कोलामी परंपरा यांचा येथे एकत्र वावर राहिला. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रदेशातील देवकार्ये व अंगात संचार होणारे भगत यांची दखल घेतली आहे. देवापुढे कौल लावणे, दाणे टाकून सम-विषम पाहणे, पहाटे कुडमुडे वाजवत येणारा पिंगळा, पिंजऱ्यातील पोपटाकडून चिठ्ठी उचलवणारा भविष्यवाला ही रूपे महाराष्ट्राच्या लोकजीवनात परिचित आहेत. पोपटाने उचललेली चिठ्ठी आणि ओरॅकल कार्ड यांत तत्त्वतः फरक नाही. छपाई, कागद व किंमत यांत मात्र आहे.

सोळा खुणांची मांडणी

रमलातील प्रत्येक खुणेत एकाखाली एक अशा चार ओळी असतात. प्रत्येक ओळीत एक किंवा दोन ठिपके असतात. वरून खाली या ओळी अनुक्रमे अग्नी, वायू, जल आणि पृथ्वी या तत्त्वांच्या मानल्या जातात. मुलांच्या एकी-बेकीच्या खेळातील शब्द वापरायचे तर एक ठिपका म्हणजे एकी आणि दोन ठिपके म्हणजे बेकी. चार ओळी व प्रत्येकीचे दोन पर्याय यांमुळे एकूण खुणा सोळा होतात. त्याहून अधिक होऊच शकत नाहीत.

अरबी-भारतीय आणि लॅटिन नावे शेजारी ठेवली असता दोन्ही परंपरांचे एकत्व स्पष्ट होते. चारही ओळी एकी असलेली खूण आपल्याकडे ‘तरीक’ म्हणजे वाट. लॅटिनमध्ये ती ‘व्हिया’, अर्थ तोच. चारही ओळी बेकी असलेली खूण ‘जमात’. लॅटिनमध्ये ‘पॉप्युलस’ म्हणजे लोकसमूह. ‘हुमरा’ म्हणजे लाली, तिचे लॅटिन नाव ‘रुबेउस’ म्हणजे लाल. ‘बयाज’ म्हणजे पांढरेपणा, तिचे नाव ‘अल्बुस’ म्हणजे पांढरा. ‘इज्तमा’ म्हणजे एकत्र येणे, तर ‘कॉन्जंक्शिओ’ म्हणजे संयोग. ‘उकला’ म्हणजे बंधन, तर ‘कार्सर’ म्हणजे तुरुंग. नावेच नव्हे, ठिपक्यांची रचनाही दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे.

यातील काही नावे मराठी माणसाच्या कानावर कचेरीत पडत असतात. ‘कब्जुल दाखिल’ व ‘कब्जुल खारिज’, ‘नुस्रतुल दाखिल’ व ‘नुस्रतुल खारिज’, ‘अतवे दाखिल’ व ‘अतवे खारिज’ अशा खुणांच्या तीन जोड्या आहेत. दावा दाखल होतो किंवा खारीज होतो, जमिनीवर कब्जा असतो किंवा नसतो, हे शब्द ज्या भाषाव्यवहारातून तहसील व न्यायालयात आले त्याच व्यवहारातून ते रमलातही आले. कब्जुल दाखिल म्हणजे हाती येणे आणि कब्जुल खारिज म्हणजे हातचे जाणे. लॅटिन परंपरेतही या खुणा प्राप्ती आणि हानी याच नावांनी ओळखल्या जातात. अतवे, म्हणजे उंबरठा, या जोडीला युरोपात ड्रॅगनचे मस्तक व शेपूट अशी प्रचलित नावे मिळाली. भारतीय ज्योतिषात हेच राहू आणि केतू होत. सात ग्रहांच्या प्रत्येकी दोन व राहू-केतूंची प्रत्येकी एक, असा सोळा खुणांचा हिशोब युरोपीय ग्रंथांत जुळवलेला दिसतो.

मांडणीचे उदाहरण

आरंभी चार खुणा यदृच्छेने मिळवल्या जातात. वाळूवर न मोजता ठिपक्यांच्या सोळा ओळी उमटवून प्रत्येक ओळ सम की विषम हे पाहणे, ही जुनी रीत. भारतीय रमलात त्यासाठी दोन सळयांत प्रत्येकी चार याप्रमाणे ओवलेले आठ फासे वापरतात. या पहिल्या चार खुणांना ‘माता’ म्हणतात. यानंतर दैवाचा भाग संपतो व गणिताचा सुरू होतो.

समजा, चार माता पुढीलप्रमाणे मिळाल्या :

पहिली, लह्यान : एकी, बेकी, बेकी, बेकी.
दुसरी, हुमरा : बेकी, एकी, बेकी, बेकी.
तिसरी, इज्तमा : बेकी, एकी, एकी, बेकी.
चौथी, तरीक : एकी, एकी, एकी, एकी.

चारही मातांच्या वरच्या ओळी क्रमाने घेतल्या की पहिली ‘कन्या’ मिळते : एकी, बेकी, बेकी, एकी, म्हणजे उकला. दुसऱ्या ओळींपासून बेकी, एकी, एकी, एकी, म्हणजे अतवे दाखिल. तिसऱ्या ओळींपासून बेकी, बेकी, एकी, एकी, म्हणजे नुस्रतुल दाखिल. चौथ्या ओळींपासून बेकी, बेकी, बेकी, एकी, म्हणजे अंकीस. येथे नवीन काहीही मिळवलेले नाही. उभे लिहिलेले आडवे वाचले आहे, एवढेच.

पुढील खुणा दोन-दोन खुणांच्या बेरजेने मिळतात. बेरजेचा नियम सोपा आहे. एकी व एकी मिळून बेकी, बेकी व बेकी मिळून बेकी, एकी व बेकी मिळून एकी. पहिल्या दोन माता मिळून नुस्रतुल खारिज आणि पुढील दोन मिळून उकला येते. पहिल्या दोन कन्या मिळून अतवे खारिज आणि शेवटच्या दोन मिळून बयाज येते. या चार खुणांपासून त्याच नियमाने दोन ‘साक्षी’ सिद्ध होतात : कब्जुल दाखिल आणि नुस्रतुल खारिज. दोन्ही साक्षींच्या बेरजेतून ‘न्यायाधीश’ मिळतो. या उदाहरणात तो उकला, म्हणजे बंधन, असा आला. न्यायाधीश व पहिली माता मिळून सोळावी खूण अंकीस ही येते आणि मांडणी पूर्ण होते. सोळा घरांत सोळा खुणा बसल्या, परंतु त्यांपैकी दैवाधीन फक्त पहिल्या चार होत्या.

गणिताचा उलगडा

चार मातांची निवड एकूण ६५,५३६ प्रकारे होऊ शकते. तरीही न्यायाधीशाच्या स्थानी सोळांपैकी केवळ आठच खुणा येऊ शकतात. ज्या खुणेत एकूण ठिपके पाच किंवा सात, म्हणजे विषम आहेत, ती त्या स्थानी कधीही येत नाही. हुमरा, बयाज, लह्यान, अंकीस, दोन्ही अतवे इत्यादी आठ खुणा येथे वर्ज्य ठरतात.

याचे कारण समजण्यास बीजगणिताची आवश्यकता नाही. न्यायाधीश हा अखेरीस चार माता व चार कन्या यांची एकत्र बेरीज असतो. कन्या म्हणजे मातांच्याच सोळा ओळींची फेरमांडणी असल्याने मातांमध्ये जेवढ्या एकी असतील तेवढ्याच कन्यांमध्ये असतात. एखादी संख्या तिच्याच दुपटीने मोजली की उत्तर सम येणारच. बेरीज करताना एकींची संख्या कमी झाली तरी ती जोडीनेच कमी होते. म्हणून न्यायाधीशातील एकींची संख्या सम, पर्यायाने त्याच्या ठिपक्यांची संख्याही सम राहते. वरील उदाहरणात उकलेचे ठिपके सहा आहेत. उरलेल्या आठ खुणांपैकी प्रत्येक खूण न्यायाधीशाच्या स्थानी नेमकी ८,१९२ वेळा येते, म्हणजे त्यांपैकी कोणतीही येण्याची शक्यता समान असते.

जुन्या रमलज्ञांना हा गुणधर्म ज्ञात होता आणि ते त्याचा उपयोग मांडणी तपासण्यासाठी करीत. न्यायाधीश विषम आला तर कोठेतरी चूक झाली असे समजून मांडणी पुन्हा केली जाई. मात्र एक भेद येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. ही तपासणी आकडेमोडीची आहे, भाकिताची नाही. वहीतील बेरीज बरोबर असणे आणि वहीत लिहिलेला व्यवहार प्रत्यक्षात घडलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘बंधन’ ही खूण अचूक गणिताने आली म्हणून प्रश्नकर्त्याच्या आयुष्यात बंधन येईल, असे त्या गणितातून सिद्ध होत नाही. गणित आणि अर्थ यांना जोडणारा दुवा परंपरेने घातलेला आहे. तो निसर्गनियम नव्हे.

खेळाच्या पत्त्यांपासून कौलाच्या पत्त्यांपर्यंत

ओरॅकल कार्डांचा दुसरा वारसा पत्त्यांचा आहे. भारतात गंजिफाचा एक जुना उल्लेख बाबरनाम्यात आढळतो. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठवल्याची ती नोंद आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीची गंजिफा विशेष प्रसिद्ध आहे. तेथील दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० गोल पत्ते असतात. नवग्रह गंजिफात नऊ ग्रहांचे प्रत्येकी बारा असे १०८ पत्ते असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी भोसले यांनी या हस्तकलेला पुन्हा उभारी दिली. लक्षणीय बाब अशी की, पत्त्यांवर अवतार असोत वा ग्रह, गंजिफा हा मुख्यतः खेळच राहिला.

युरोपातील टॅरोही आरंभी खेळच होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते तयार झाले ते डाव मांडून खेळण्यासाठी. त्यांचा भविष्यकथनाशी व्यापक संबंध जुळला तो अठराव्या शतकात. १७८१ मध्ये फ्रान्समधील कूर द जेबलँ याने टॅरो हा प्राचीन इजिप्तच्या ज्ञानग्रंथाचा अवशेष असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. ती १८२२ मध्ये उलगडली आणि या कल्पनेला तिच्यातून कोणताही आधार मिळाला नाही. तरीही प्राचीनतेची ती कथा टिकून राहिली. १९०९ मध्ये लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला ७८ पत्त्यांचा संच प्रसिद्ध झाला आणि पुढील बहुतेक टॅरो संचांचा तो आदर्श ठरला.

यावरून स्पष्ट होते की, प्रबोधनकाळात रमल होते, किमया होती, फलज्योतिष होते आणि टॅरोचे पत्तेही होते. परंतु या सर्वांना एकत्र करून कौल देणारा पत्त्यांचा संच ही आधुनिक काळाची निर्मिती आहे. तिची सामग्री जुनी असली तरी घडण नवी आहे.

काय टिकले आणि काय गळले

टॅरोमध्ये पत्त्यांची संख्या निश्चित असते. ओरॅकल कार्डांना तेही बंधन नाही. संच किती पत्त्यांचा असावा, त्यावर काय असावे, हे रचनाकार ठरवतो. रमलात सोळाच खुणा का, याला गणिती उत्तर आहे. ओरॅकल संचात एवढेच पत्ते का, याला रचनाकाराची आवड एवढेच उत्तर मिळते. रमलात चार खुणा मिळाल्यावर उरलेल्या बारांबाबत रमली मनमानी करू शकत नसे. नियम जाणणारा दुसरा कोणीही त्याची चूक दाखवू शके. पत्त्यांच्या वाचनात असे काहीही नसते. पत्ता ‘पारा’ निघाला तर त्याचा अर्थ चंचलता, परिवर्तन, प्रवास किंवा आजारातून सुटका यांपैकी कोणता घ्यावा, हे सर्वस्वी वाचकावर अवलंबून राहते.

किमयेच्या बाबतीतही असेच घडले आहे. भारतीय रसशास्त्रात पाऱ्याच्या अठरा संस्कारांचे वर्णन आहे. युरोपातील किमयागारही ऊर्ध्वपातन, विरघळवणे, जाळणे या प्रक्रिया प्रत्यक्ष करीत. त्यांची उद्दिष्टे असाध्य होती, परंतु भट्टी खरी होती, आणि त्या हातखंड्यातून पुढे रसायनशास्त्राला उपकरणे व पद्धती मिळाल्या. पत्त्यावर मात्र भट्टीचे केवळ चित्र उरते. ज्या भागात कष्ट होते, चूक होण्याची व ती सापडण्याची शक्यता होती, नेमका तोच भाग वगळला गेला आहे.

भाकितांची पडताळणी

अशा उत्तरांचा प्रत्यय लोकांना का येतो, याचे स्पष्टीकरण मानसशास्त्राने दिले आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना त्यांचे व्यक्तिमत्त्ववर्णन म्हणून एकच मजकूर दिला. प्रत्येकाला तो आपल्यासाठीच लिहिला आहे असे वाटत होते. वर्णन किती जुळते यासाठी त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सर्वांना लागू पडणारी विधाने माणूस स्वतःपुरती करून घेतो, हे या प्रयोगाने दाखवले.

महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ च्या सुमारास फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या जमवण्यात आल्या. सहभागी झालेल्या २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून त्या कोणत्या गटातील आहेत हे सांगितले. सर्वांत यशस्वी ज्योतिष्याची २४ उत्तरे बरोबर आली. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून जेवढे यश मिळेल त्याच्या आसपासच हे यश होते. ही चाचणी फलज्योतिषाची होती, रमलाची किंवा पत्त्यांची नव्हे. परंतु दावा कसा तपासावा याचा वस्तुपाठ म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

सामाजिक बाजू

पैनगंगेच्या खोऱ्यातील कोरडवाहू शेतकरी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण, मुलीच्या लग्नाच्या विवंचनेतील आई किंवा दुर्धर आजाराने गांजलेले कुटुंब कौल मागते तेव्हा त्यामागे खरी निकड असते. पाऊस, बाजारभाव आणि नोकरी यांच्या अनिश्चिततेपुढे माणूस आधार शोधतो, त्याची थट्टा करणे योग्य नव्हे. मन मोकळे होणे, प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला जाणे, निर्णयाला क्षणभर विसावा मिळणे असा लाभ अशा बैठकीतून काहींना होत असेल. परंतु उपचार लांबणीवर पडणे, कर्ज काढून शांती करणे, घरातील एखाद्या स्त्रीवर अपशकुनी असल्याचा ठपका येणे ही त्याच वाटेवरील संकटे आहेत. ती छापील पत्त्यातूनही येऊ शकतात आणि फाशातूनही.

महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये केलेला जादूटोणाविरोधी कायदा अनुसूचीतील बारा प्रकारच्या कृत्यांना लागू होतो. केवळ फासे टाकणे किंवा पत्ते वाचणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा नाही. मात्र अघोरी उपचार, अलौकिक शक्तीचा दावा करून केलेली फसवणूक व दहशत, उपचारापासून परावृत्त करणे यांसारख्या कृत्यांना त्यात प्रतिबंध आहे. तावीज, मंत्र वा तत्सम साधनांनी रोग बरा होतो अशा जाहिरातींना १९५४ चा औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम प्रतिबंध करतो. कायद्याची मर्यादा जेथे संपते तेथे शिक्षणाचे काम सुरू होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. युरोपीय जिओमन्सी आणि भारतीय रमल या एकाच अरबी विद्येच्या दोन शाखा असून त्यांच्या सोळा खुणांची रचना एकच आहे व त्यांची अनेक नावे समानार्थी आहेत.

२. मराठवाडा व दख्खनचा प्रदेश या देवघेवीत सहभागी होता. रमल, किमया, गंजिफा, दाखल, खारीज, कब्जा या शब्दांतून त्या सहभागाची साक्ष आजही मिळते.

३. रमलाची मांडणी सम-विषमाच्या काटेकोर गणितावर आधारलेली आहे. हे गणित मांडणीतील चूक दाखवते, भाकिताची सत्यता मात्र सिद्ध करत नाही.

४. प्रबोधनकालीन विद्यांवर आधारित म्हणून विकले जाणारे ओरॅकल कार्डांचे संच ही आधुनिक रचना आहे. त्यांत खुणा व अर्थ शिल्लक आहेत, तपासणीची सोय राहिलेली नाही.

५. कोणत्याही कौलासमोर प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी विचाराव्यात : उत्तर कोणत्या नियमाने आले, तोच नियम दुसऱ्याने लावल्यास तेच उत्तर येईल काय, आणि ते चुकले तर चुकले असे मान्य करण्याची कोणती कसोटी ठरली आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात रमलाचा उपयोग वेगळ्या रीतीने होऊ शकतो. गणिताच्या तासिकेत द्विमान पद्धती व संभाव्यता, भाषेच्या तासिकेत फारसी शब्दांचा इतिहास, इतिहासाच्या तासिकेत दख्खनचा जगाशी असलेला संबंध आणि समाजशास्त्रात कौल मागण्यामागील गरज, असे चार विषय या एका मांडणीतून शिकवता येतील. चार माता फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना न्यायाधीश काढण्यास सांगावे आणि तो नेहमी समच का येतो, हे त्यांनाच शोधू द्यावे. ज्या विद्यार्थ्याने हे कारण स्वतः शोधले आहे, तो पुढे एखादा पत्ता समोर आला असता त्याच्यामागील नियम विचारल्यावाचून राहणार नाही.